पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं का?

मी बार्शीहून निघाले त्या दिवशी गाडी सुरू झाली तरी आप्पा ड्रायव्हरला सांगतच होते, "आमच्या घरात कॉलेजात गेलेली ही पहिलीच. हिला समदं कळतं." धाकटी बहीण मनू खिडकीत तोंड घालून म्हणाली, "ताई, रक्ताचं शिकणार म्हणजे रोज लोकांना सुया टोचणार? बरंय, मी लांब आहे." सगळे हसले. मीही हसले.

आता मी परदेशात, हॅमिल्टनला शिकते आणि सुट्टीच्या दिवशी 'ते रापा' नावाच्या इथल्या उपनगरातल्या एका दुकानात काम करते. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणते, कोणी 'किया ओरा' असा इथला नमस्कार केला की मीही 'किया ओरा' म्हणते. हे सगळं इतक्या लवकर अंगवळणी पडलं याचंच कधी कधी वाईट वाटतं.

काही आठवड्यांपूर्वी मनूचा ताप हटेना. तीव्र ल्युकेमिया निघाला, रक्ताचा कॅन्सर. घरात तो शब्द कोणी उच्चारत नव्हतं. तिला "रक्त कमी झालंय" एवढंच सांगितलेलं. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, पुण्याला न्या. आप्पांनी रिपोर्टचा फोटो मला पाठवला. मी इथे नेमकं तेच शिकत होते: पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा पाहून आजार कुठल्या प्रकारचा आणि पुढे काय होऊ शकतं, याचा अंदाज बांधायचा. लॅबमध्ये पेशी म्हणजे पडद्यावरचे ठिपके. कुणाचे, हे आम्ही विचारत नाही.

"लई पॉझिटिव्ह आलंय गं," आप्पा म्हणाले. कोविडपासून आमच्याकडे पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच.

"आप्पा, पॉझिटिव्ह म्हणजे ती खूण पेशीवर आहे, एवढंच. त्यातली सीडी टेन नावाची खूण तर चांगली. ती असलेली मुलं बहुतेकदा औषधांना चांगली दाद देतात."

मला पुढे सांगायचं होतं की जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे, आणि पहिल्या महिन्याच्या औषधांनंतर किती पेशी उरतात यावर बरंच ठरतं. पण आप्पा तिकडे ओरडले, "अगं, चांगलं आलंय!" आई रडायला लागली, सुटल्यासारखी. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी आईचा मेसेज आला. "चांगलं आलंय तर पुण्याला कशाला, इथंच बघू. तू बोललीस आणि जिवात जीव आला."

माझ्यासारखे लांब आलेले असाल तर तुम्हाला माहीत असेल, आपला शब्द तिकडे किती मोठा होऊन पोचतो. मी लगेच फोन लावला. "आप्पा, मी अर्धंच सांगितलं. दाद देईल अशी आशा आहे, पण बरी झाली असं नाही. पुण्याला न्याच."

मग आप्पा म्हणाले, "मग काल का नाही बोललीस?"

तेवढ्यात मनूचा आवाज आला. "द्या इकडं. ताई, तुला समदं कळतं ना? मग मला काय झालंय?"

आई "नको, नको" म्हणत होती. आप्पा हळूच म्हणाले, "सांग तिला."

मी आजाराचं नाव घेऊन सांगितलं. तिने ते नाव एकदा स्वतःशी उच्चारून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे सुया मलाच."

ती आता पुण्यात आहे. पहिल्या महिन्यानंतरची तपासणी अजून व्हायची आहे. मी इथे परीक्षा देते आहे, आणि त्याची लाज वाटते.

माझं अर्धं वाक्यही जिथे पुरं समजून छातीशी धरतात, ते माझं घर. म्हणून मनू फोनवर विचारते ते आता पुरतं सांगते. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणते. फक्त ते म्हणताना तिचा हात हातात नसतो.