थांबवता येणारा गेम

चेन्नईजवळ कारखान्याच्या खोलीत आम्ही सहा जण राहतो आणि सहाही जण मोबाइलवर गेम खेळतात. शंभर माणसं एका बेटावर उतरून एकमेकांना मारतात, तो सध्याचा लाडका. दिसायला भारीच आहे. पण तो थांबवता येत नाही. आईचा फोन आला की मी उचलतो, तिकडे बेटावर मरतो आणि टीमवाले शिव्या देतात. गाड्यांच्या शर्यतीचा गेम बरा आहे, फक्त उदगीर-देगलूर रस्त्यावर मोटारसायकल चालवलेल्या माणसाला त्यात भीती वाटत नाही. शेतीचा गेम मला जमलाच नाही. त्यातली विहीर कधी आटत नाही, हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. तोवर मी झारीतलं पाणी राखून राखून घालत होतो. काठोकाठ विहिरीशेजारी माझी ज्वारी वाळली. खोलीतले पोट धरून हसले.

माझ्या मते सगळ्यात चांगला गेम जुना, टीव्हीला जोडून खेळायच्या कॅसेटचा. एक बुटका माणूस खड्ड्यांवरून उड्या मारत किल्ल्यांमधून जातो. मी तो उदगीरला एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत खेळलो. दुकानदाराला सगळे अप्पा म्हणायचे. कपाळावर भस्माचे पट्टे आणि तोंडात सतत कुणालातरी टोमणा. उदगीर जिल्हा होणार अशी बातमी आली, तेव्हा त्यानं दुसऱ्याच दिवशी पाटीवर 'जि. उदगीर' रंगवून घेतलं. जिल्हा झाला नाही. पाटी तशीच राहिली. "करतील कधीतरी, आपण तयार असावं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. कॅसेटी तो नांदेडहून आणायचा.

नववीतून शाळा सोडून मी अडत दुकानात पोती शिवत होतो. त्या वर्षी दुष्काळानं मोंढ्यात धान्याची आवकच नव्हती, म्हणून दुपारी मोकळा असायचो. गल्लीत टँकर येण्याची वेळ ठरलेली नसे. हॉर्न वाजला की खेळणारे गेम थांबवून घागरी उचलायला पळायचे. थांबवलेल्या गेमला कुणी हात लावायचा नाही, असा आमच्यात नियम होता. टँकरच्या रांगेत ठेवलेली दुसऱ्याची घागर आपण मागे सारत नाही, तसंच हे. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

मे महिन्यात एका दुपारी मी शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी पोचलो. त्यात काय आहे, हे दुकानात येणाऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. माझा एकच जीव उरला होता. मागं पाच-सहा जण श्वास रोखून उभे होते. तेवढ्यात हॉर्न वाजला.

"जा की बे," अप्पा बाहेरून ओरडला. "माय वाट बघून राहिली असंल."

"लाइट गेली तर, अप्पा?"

"गेली तर गेली. आधी पाणी आण."

मी गेम थांबवला आणि पळालो. त्या कॅसेटीत खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात. दुकानात इन्व्हर्टर होता, पण लाइट गेली की अप्पा मागच्या खोलीची लाइन बंद करायचा. बॅटरी त्याच्या फॅनला पुरली पाहिजे, असा हिशेब.

रांगेत माझ्यापुढं बारा घागरी होत्या. माझी दुसरी खेप भरत असताना कोपऱ्यावरची पिठाची गिरणी घरघर करत थांबली. लाइट गेली. आई म्हणाली, "सांडतंय, ध्यान कुठं हाय तुझं?" रांजण भरेपर्यंत मी आणखी तीन खेपा केल्या. तोवर लाइट जाऊन अर्धा तास होऊन गेला होता. गेम गेलाच, हे धरून चाललो होतो. तरी दुकानाकडं गेलो.

दुकानात अंधार होता. अप्पा बनियनवर बसून साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होता. मानेवरून घाम ओघळत होता. वरचा फॅन बंद. मागच्या खोलीत मात्र टीव्ही चालू होता आणि बुटका माणूस किल्ल्याच्या दारात मी ठेवला तसाच उभा होता. पोरं जमिनीवर बसून नुसतं त्याच्याकडं बघत होती.

"बस लवकर," अप्पा म्हणाला. "तुझ्या किल्ल्यापाई इथं भाजून राहिलोय."

मी ओले हात शर्टाला पुसले आणि बटण दाबलं. आत गेलो. पहिला खड्डा पार. दुसऱ्यावरून उडी मारताना अंगठा घसरला आणि माणूस खाली गेला. आत शिरून दहा सेकंदही झाले नव्हते.

एकानं विचारलं, "बस्स?"

अप्पा हसला, खोकेपर्यंत हसला. "लई बेस. एवढ्यासाठी मी अर्धा तास शिजलो!"

त्या खोलीतली कृतज्ञता मला आजही नीट मांडता येत नाही. त्या वेळी तर 'अप्पा' एवढाच शब्द तोंडातून निघाला. मी उठून बाहेर आलो आणि त्याच्या फॅनचं बटण दाबलं.