त्याची जिरवायची होती

कॉलेजच्या लीडरशिप प्रोग्राममध्ये माझी निवड झाली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. पिंपरीतलं कॉलेज, वीस जणांची तुकडी, आणि तिच्यात चाकणकडच्या गावातून रोज दोन बस बदलून येणारी मी एकटीच. वडील शेती बघून कंपनीत शिफ्टला जायचे, चुलती दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटावर होती. आमच्या घरात व्हय, न्हाई, हाय असंच बोलतात. त्यात काही कमी आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

पाच-पाच जणांचे गट केले होते. प्रत्येक गटानं आपल्या भागातला एक प्रश्न घ्यायचा आणि वर्षभरात सोडवून दाखवायचा. आमचा गटप्रमुख वाकडचा. उंच, हसरा, इंग्रजी फडाफड बोलणारा. प्रश्न मी सुचवला. चुलतीच्या कंपनीबाहेरच्या चौकात, दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटली की कंत्राटी बायका तास-तासभर उन्हात उभ्या असायच्या. कंपनीची बस पर्मनंट लोकांसाठी. यांनी टेम्पोची वाट बघायची. डोक्यावर छप्पर नाही, टेकायला दगड नाही.

"भारी आहे हे," तो म्हणाला. "तू फील्ड बघ, प्रेझेंटेशन माझ्यावर सोड."

तीन महिने मी आठवड्यातून दोनदा त्या बायकांबरोबर उभी राहिले. कोणाला चक्कर आली, कोणाचं पोर पाळणाघरातून आणायला उशीर झाला, सगळं वहीत लिहिलं. सरपंचांकडे चार खेपा घातल्या. चिखलीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणाऱ्या आमच्या एका भावकीतल्या माणसाला गळ घातली. त्यानं पाइप आणि पत्रे दिले, शेड उभी राहिली. त्या दिवशी गटप्रमुख पहिल्यांदा चौकात आला. गाडीतून उतरला, बायकांच्या मधोमध उभं राहून फोटो काढले आणि पंधरा मिनिटांत गेला.

समारोपाला भरल्या हॉलमध्ये माईकवर तो म्हणाला, "तीन महिने मी त्या भगिनींसोबत उन्हात उभा राहिलो." टाळ्या पडल्या. शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात 'स्थानिक सहकार्य' म्हणून माझं नाव होतं, तेही चुकीचं लिहिलेलं. पुढच्या वर्षासाठी त्याला प्रोग्रामचा अध्यक्ष केलं.

मी मॅडमकडे गेले. त्या प्रोग्रामच्या प्रमुख. म्हणाल्या, "तुझं काम चांगलंच आहे गं. पण लीडरला बोलता आलं पाहिजे. स्टेजवर 'न्हाई' चालत नाही." तो शेजारीच उभा होता. तो हसला.

बसमध्ये मी रडले नाही. मी ठरवत होते.

मी प्रोग्राम सोडला नाही. उलट कोणालाच नको असलेली कामं मागून घेतली. हॉल बुक करणं, माईक तपासणं, पाहुण्यांना पत्रं लिहिणं, वेळापत्रक लावणं. मला मोठेपणाचं काम नकोच होतं, मला किल्ल्या हव्या होत्या. बोलायलाही शिकले. चुलती मेथी निवडत बसायची आणि मी तिच्यासमोर उभी राहून भाषणं करायची. "जरा सावकाश बोल की, कुनी पाठी लागलंय का?" ती म्हणायची. त्या वर्षात मी खरंच घडले. सभा कशी चालवायची, माणसं कशी जोडायची, गप्प कधी राहायचं, सगळं शिकले. पण ते शिकवलं कोणी? माझ्या रागानं. रोज सकाळी तो हसलेला चेहरा आठवायचा आणि मी उठायची.

वर्षाअखेरीस पुन्हा समारोप आला. अध्यक्ष म्हणून त्याचं मुख्य भाषण, विषय तोच, शेड. मॅडमना शनिवार हवा होता. मी म्हटलं, "हॉल गुरुवारीच मोकळा आहे." खोटं बोलले. गुरुवारी चाकणच्या कंपन्यांना सुट्टी असते.

चुलती आणि तिच्या लाइनवरच्या चार बायकांना मी पहिल्या रांगेत बसवलं. ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. त्यानं त्यांना ओळखलंच नाही. भाषण झालं, पुन्हा ते 'उन्हात उभा राहिलो' झालं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. "कोणाला काही विचारायचं आहे?" म्हणत मी माईक सरळ चुलतीच्या हातात दिला. तिनं नेमकं काय बोलायचं, हे आम्ही घरी ठरवलं नव्हतं. 'याला शेडबद्दल विचार' एवढंच मी तिला सांगितलं होतं.

चुलती उठली. "बाळा, आमच्यासंगं तीन म्हयनं उभा व्हतास म्हनं तू. मंग सांग बरं, शेड न्हवती तवा आमी सावलीला कुठं थांबायचो?"

तो गोड हसून म्हणाला, "त्या झाडाखाली, मावशी."

"झाड?" चुलती मागं वळून बायकांना म्हणाली, "कुठलं गं झाड?" मग त्याच्याकडे बघून, "त्या चौकात झाड न्हाई, बाबा. आमी उभ्या ट्रेलरच्या सावलीत थांबायचो. ट्रेलर गेला की पुन्हा उनात. आन तुला आमी कंदी बगितला न्हाई. ही पोरगी यायची."

आधी मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, मग सगळा हॉल. त्याचे कान लाल झाले. तो 'म्हणजे, ॲक्चुअली' करत राहिला. मी माईक परत घ्यायची घाई केली नाही. मॅडम खाली मान घालून कार्यक्रमपत्रिका वाचत होत्या. इतकं गोड काही मी आयुष्यात चाखलं नव्हतं.

पुढचा तासभर पोरं-पोरी माझ्याभोवती होत्या. मी सगळा किस्सा पुन्हा पुन्हा सांगत होते. भानावर आले तेव्हा पहिली रांग रिकामी होती.

घरी चुलती भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मान द्यायला बोलवलं व्हतं का त्याची जिरवायला?"

मी म्हटलं, "जिरवायला."

"त्याची जिरली ते बरं झालं. पर बायकांना कुनी च्या बी इचारला न्हाई. आठवड्याची एकच सुट्टी, ती मोडून आल्या व्हत्या. तूच न्हाई इचारला, तर दुसरं कोन इचारील?"

त्यानं त्यांना फोटोपुरतं वापरलं, मी प्रश्नापुरतं.

दुसऱ्या दिवशी तीनला मी चौकात गेले, पाचही जणींची माफी मागितली. त्यातली एक म्हणाली, "माफी ऱ्हाऊ दे. एवढं बोलता येतं तर आमच्या बसचं बोल." मी ठेकेदाराकडे गेले, एकदा नाही, सहा वेळा. महिन्याभरानं कंत्राटी बायकांसाठी एक मिनीबस सुरू झाली. ते काम करताना मला कोणाचाच चेहरा आठवावा लागला नाही.

पुढच्या वर्षाचं अध्यक्षपद मला मिळालं. माझं नाव जाहीर झालं त्या दिवशी त्यानं मेसेज केला, "सॉरी. तू जिंकलीस." मी वाचला, उत्तर दिलं नाही. आजही दिलेलं नाही, आणि देणारही नाही.