पाखरासाठी हळदीचा ड्रम

माझ्या सासऱ्यांनी उभी नोकरी कालव्यावर काढली. सिद्धेश्वरच्या धरणातून पाणी सुटलं की आमच्या कुरुंद्याकडं किती आलं ते पट्टीवर बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. पट्टीवर दिसलं तेच लिहिलं, एक बोट इकडं नाही की तिकडं नाही, असं ते अजून सांगतात. अशा माणसाच्या घरात सून म्हणून नांदायचं तर आपलंही रोज मोजमाप होणार, हे मी लग्नानंतर महिनाभरातच ओळखलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तोंडानं मीही काही कमी नाही. त्यामुळं आमचं बरं जमतं. म्हणजे वाद रोज होतो आणि अबोला कधी टिकत नाही.

लेक शिकायला नांदेडला गेली आणि घर एकदम गप्प झालं. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा सकाळी वसमतला कामाला जातो तो दिवेलागणीला येतो. अशात एका शनिवारी लेक एसटीतून आली ती भोकं पाडलेलं बुटाचं खोकं मांडीवर घेऊनच. आत एक कॉकाटील होतं, पोपटाच्या जातीचं परदेशी पाखरू. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालांवर नारिंगी ठिपके आणि डोक्यावर तुरा. मैत्रिणीनं हौसेनं घेतलेलं, वसतिगृहात कुणी ठेवू देईना, म्हणून आमच्या गळ्यात. "आई, माझं शिक्षण होईपर्यंत सांभाळ," असं सांगून ती रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीसुद्धा. शिक्षणाला अजून तीन वर्षं होती.

सासऱ्यांनी चष्मा लावून खोक्यात डोकावून बघितलं. "हे तर हळद लावूनच आलंय," ते म्हणाले. "नवरी हाय का नवरदेव?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार दिवसांत ते पाखरू आमच्या कुकरची शिट्टी शिकलं. हुबेहूब. मी ओट्यापाशी नसताना ते तीन शिट्ट्या मारायचं आणि मी धावत येऊन गॅस बंद करायची. त्या आठवड्यात आम्ही तीनदा कच्चा भात खाल्ला. पण मला राग आला नाही. घरात कुणीतरी मला फसवतंय, याचंच बरं वाटत होतं. साधं सांगायचं तर मला ते पाखरू हवं होतं, लेकीसाठी नव्हे, माझ्यासाठी.

पिंजरा मात्र मी चुकीचा आणला. वसमतच्या बाजारात राघूचे मिळतात तसला, तारांचा. दुकानदार म्हणाला, "एवढंसं पाखरू, लई झाला." मला पटलं. घरी आणून आत सोडलं तर शेपटी तारांतून बाहेर आणि तुरा वर टेकलेला. पंख उघडायला गेलं की दोन्हीकडं खडखड व्हायचं. आठवडाभरात शेपटीच्या पिसांची टोकं झिजून झाडूसारखी झाली.

सासरे दर रविवारी विहारात वंदनेला जातात. त्या रविवारी ते परत आले, पायातल्या चपला काढल्या आणि पिंजऱ्यासमोर उभे राहिले.

"मी तिकडं पंचशील घेऊन येऊन राहिलो," ते म्हणाले, "आन घरात कैदी ठेवून राहिलो. हे बराबर न्हाई."

मी म्हटलं, "मामा, सोडलं तर मरंल ते. आपल्याकडचं न्हाई. दोन दिवसांत शिकरा उचलून नेईल."

"सोड काहून म्हनंल मी? मला कळत न्हाई का? पन ठेवायचं तर जागा पायजे. दोन्ही पंख पुरे उघडले, तरी कुठं लागाया नको. एवढं माझ्या डोळ्यानं दिसलं की राहू दे. न्हाई तर मी त्याला सिद्धेश्वरला नेऊन देतो."

सिद्धेश्वरला त्यांचा जुना सोबती राहतो. त्यानं अंगणात जाळी मारून भली मोठी खोली केली आहे आणि त्यात पन्नासेक कबुतरं पाळली आहेत. जागेला तोटा नाही, हे खरं. पण त्या दांडगटांमध्ये हे वीतभर पाखरू एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. तिथं कुकरची शिट्टी ऐकायला कोण बसलंय? मी मुदत मागितली. सासऱ्यांनी तीन आठवडे दिले, आणि तिसऱ्या रविवारी निकाल, असंही ठरवून टाकलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. मास्तरीणबाईंना गृहपाठ मिळाला.

दुसरी चूकही माझीच. हिंगोलीला एका कामासाठी गेले होते, तिथं एका दुकानात सोनेरी रंगाचा, घुमटाचा पिंजरा दिसला आणि मी भाळले. माझ्या कमरेएवढा उंच. एसटीत त्याला खिडकीशी बसवून मी उभ्यानं आले. घरी आल्यावर ऐटीत सासऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी खिशातून टेप काढली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी टेप त्यांच्या खिशात असतेच. आडवी लावली, उभी लावली.

"उंच लई हाय," ते म्हणाले. "पाखरू काय विहिरीतल्या पोहऱ्यावानी खालीवर जातंय का? त्याला आडवं जायचं असतंय."

रात्री लेकीला फोन केला तर तीही तेच म्हणाली. रुंदी बघायची, उंची नंतर. तारांमधली फट बोटाहून बारीक हवी, नाहीतर डोकं अडकतं. आणि तो सोनेरी रंग चोचीनं कुरतडून पोटात गेला तर विषबाधा होईल. "तू बघायचंस ना आधी, आई." मी दुसरी-तिसरीच्या पोरांना रोज हेच वाक्य ऐकवते. नवऱ्यानं माझी बाजू घ्यावी म्हणून त्याच्याकडं पाहिलं, तर तो ताटात बघून जेवत होता.

घुमटात आता आमचे कांदे-लसूण असतात.

तिसरा पिंजरा मी शोधला नाही, तो मला ठेच लागून सापडला. आमच्या शेजारच्या काकांकडं दरवर्षी हळद होते. खणायची, शिजवायची, वाळवायची, आणि मग जाळीच्या ड्रममध्ये घालून फिरवायची, म्हणजे वरची साल निघून ती झळझळीत होते. पूर्वी हा ड्रम दोन माणसं हातानं फिरवायची. आता ट्रॅक्टरवर चालणारे मोठे ड्रम आले, तेव्हापासून काकांचा हाताचा ड्रम गोठ्यामागं आडवा पडून होता. मी शेण्या आणायला गेले आणि त्याच्या दांड्याला अडखळले. खाली वाकून पाय चोळता चोळता जाळीकडं बघत राहिले. आडवा, माझ्या दोन्ही हातांत न मावणारा. बारीकातलं बारीक हळकुंडही गळू नये अशी जाळी, त्यातून माझी करंगळीसुद्धा जाईना. भरायला दार होतंच.

काका म्हणाले, "घेऊन जा, बाई. जागा तरी मोकळी हुईल." मग जरा थांबून, "पन काहून?"

मी कारण सांगितल्यावर ते इतके हसले की काकू बाहेर आल्या.

ड्रम आमच्या ओसरीत आला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर सासरे पॉलिश पेपर घेऊन गंज घासत बसलेले. मीही बसले. चार दिवस आम्ही सासरा-सून एकमेकांसमोर बसून तो ड्रम घासत होतो. गंज गेला, हळद काही गेली नाही. जाळीच्या सांध्यांत ती अशी बसली होती की आमचे दोघांचे हात, माझ्या साडीचा पदर आणि त्यांची टोपी पिवळी झाली. दारावर कुणी आलं की विचारायचं, लग्न कुणाचं हाय. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं खाली पाय जोडून दिले, म्हणजे ड्रम गरगर फिरायला नको. मधला लोखंडी दांडा काढून टाकला आणि तिथं कडुलिंबाची जाड-बारीक फांदी या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवली. पाण्याची वाटी, बाजरीची वाटी. आणि मला राहवेना म्हणून बाजारातून एक लाकडी झोका आणून मधोमध टांगला. त्याला खाली एक घुंगरू होतं.

सासऱ्यांनी टेप लावली. पाखराचे पंख उघडल्यावर दीड वीत, ड्रम त्याच्या चौपट लांब. "कागदावर बसलं," ते म्हणाले. "आता डोळ्यानं बघू."

आणि पाखरानं पंख उघडलेच नाहीत.

सोडल्याबरोबर ते फांदीच्या एका टोकाला जाऊन चिकटलं. तुरा ताठ. शिट्टी बंद. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. सासरे खुर्ची घेऊन समोर बसायचे. पाखरू त्यांच्याकडं एका डोळ्यानं बघायचं, ते पाखराकडं चष्म्यातून. एवढा खटाटोप केला आणि हे मेलं बसलंय, अशी माझी चिडचिड व्हायला लागली. मुदत संपायला दोन दिवस उरले, तेव्हा मी एक गोष्ट केली, ती शाळेत एखाद्या पोरानं केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. सासरे चहा पीत होते. मी ड्रमच्या मागच्या बाजूनं गेले आणि पेपर जोरात फडफडवला.

पाखरू उसळलं. फडफडत या टोकाला आपटलं, त्या टोकाला आपटलं आणि जाळीला लटकून धापा टाकायला लागलं.

"बघितलं का मामा? उघडले," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "भिऊन उडलेलं मोजायचं नसतंय," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

मला इतकी लाज वाटली की दिवसभर मी त्या पाखराच्या जवळ गेले नाही. संध्याकाळी त्याच्यापुढं कोथिंबिरीची काडी धरली, ती त्यानं घेतली नाही.

रविवार उजाडला. सासरे पांढरे कपडे घालून विहारात गेले. जाताना, "मी येईस्तोवर त्याची जायची तयारी करून ठेव," एवढंच म्हणाले. मी ओसरीत गवार मोडत बसले. बुटाचं ते खोकं माळ्यावरून काढून आणलं होतं, त्याच्याकडं बघणं टाळत होते. ऊन जाळीतून आत आलं होतं. पाखरानं आधी डावा पाय आणि डावा पंख एकत्र ताणला, आळस दिल्यासारखा. मग चालत चालत फांदीच्या मध्यावर आलं. तिथं पाय घट्ट रोवले आणि दोन्ही पंख पुरे उघडून, जागच्या जागी, जोरजोरात मारायला लागलं. वाऱ्यानं माझ्या गवारीच्या शिरा उडाल्या. मग ते उडालं, सरळ त्या टोकाला गेलं, वळलं आणि परत आलं. आणि कुकरच्या तीन शिट्ट्या मारल्या.

मी एकटीच होते. साक्षीला कुणी नाही.

अर्ध्या तासानं सासरे आले. मी दारातच सांगितलं. "उघडले, मामा. तुमी नव्हता तवा."

"दोन्ही?"

"दोन्ही. पुरे."

ते माझ्याकडं बघत राहिले. परवाचा पेपर आम्हा दोघांच्या मध्ये होता, तो मलाही दिसत होता.

"आज पंचशील घेतलंस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. स्वयंपाक व्हायचा हाय अजून."

"मंग घे. आन मंग सांग."

मी हात धुतले. आतल्या खोलीत बुद्धमूर्तीपुढं बसले, ते माझ्या शेजारी बसले. त्यांनी म्हणायचं, मी मागून म्हणायचं. पहिलं, दुसरं, तिसरं सुरळीत गेलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं, पण त्या दिवशी माझी जीभ तिथं अडली. ते थांबले. मी म्हटलं. मग पाचवंही म्हटलं.

"आता सांग. कुठं लागलं?"

मी ते सांगणार नव्हते. खरंच नव्हते. पंख मारताना डाव्या पंखाचं टोक झोक्याला लागलं होतं आणि घुंगरू वाजलं होतं. एकदा नाही, प्रत्येक फडफडीला. एवढ्याशानं काय होतं, असं मी गवार मोडता मोडता मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"टोक लागलं," मी म्हटलं. "झोक्याला. घुंगरू वाजत होतं." आता ते खोकं उचलणार आणि दुपारच्या गाडीनं सिद्धेश्वरला जाणार, असंच मला वाटलं.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. ओसरीत गेले. ड्रमचं दार उघडून हळूच हात आत घातला. पाखरू सरकलं, पण भ्यालं नाही. त्यांनी झोक्याची तार सोडवली, झोका बाहेर काढला, दार लावलं आणि कडी दोनदा तपासली. झोका माझ्या हातात दिला.

"खोटं बोलली असतीस तरी मी त्याला ठेवून घेतलं असतं," ते म्हणाले. "तुझा त्याच्यात जीव हाय, ते मला दिसत न्हाई का? पन मंग जल्मभर त्याचा पंख आपटत राह्यला असता, आन आपल्याला कळलं नसतं."

मी भाजी टाकायला म्हणून आत गेले. डोळे भरून आले होते, आणि सासऱ्यांसमोर रडण्याची मला सवय नाही. गवार फोडणीला टाकली, शेजारी कुकर लावला. शिट्टी झाली तेव्हा ती ओसरीतून आली की ओट्यावरून, ते काही कळलं नाही, म्हणून मी गॅस तसाच चालू ठेवला.