दोन बोटं जास्त

अंगणवाडीतून निवृत्त झाले, तरी कुणाचं लेकरू दारावरून गेलं की माझी नजर आधी त्याच्या उंचीवर जाते. खोडच आहे ती. आमचं गाव आणि शेजारचा तांडा मिळून एकच ग्रामपंचायत, आणि माझी अंगणवाडी बरोबर दोघांच्या मध्ये.

वेचणीच्या दिवसांत तांड्यातल्या बाया दिवस उगवताच कापसाच्या वावरात जायच्या. अंगणवाडी उघडायची दहाला. तोवर लेकरं शिळी भाकर चघळत बसायची. त्यातलीच एक अडीच वर्षांची पोर, वयाच्या मानाने फार ठेंगणी. तिची आजी सुनेला उठताबसता टोमणे मारायची, "तुह्यावरच गेली, बुटकी!" उंची मोजताना म्हातारी माझ्या खांद्यावरून डोकवायची. मला त्या आईची दया आली. मी पोरीची उंची दोन बोटं जास्त सांगितली आणि वहीतही तशीच लिहिली. मोठी शहाणी मी!

पुढे सरपंचबाई, आशाताई, तांड्याचा नाईक आणि मी, अशा आमच्या बैठकीत ठरलं, की लेकरांना सकाळी सहालाच नाईकाच्या ओसरीवर खायला द्यायचं. खिचडी सगळ्यांना, पंचायतीची अंडी मात्र कमी उंचीच्या लेकरांना, माझ्या यादीप्रमाणे. त्या सकाळी फार गोड होत्या. चुलीचा धूर, नाईकाचा आरडाओरडा, अंडी सोलणारी आशाताई. फक्त ती पोर खांबाला धरून दुसऱ्यांच्या ताटात बघायची. मी वही दुरुस्त करायला धजत नव्हते.

सहा महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, वावरातलं काम बंद म्हणून बाया घरी असताना बैठक भरली. सरपंचबाईंनी आपल्या नातीला त्या पोरीशेजारी उभं केलं.

"हे तर माह्या नातीच्या कानालेच लागते, अन् नात हिच्याहून लहान. बाई, तुमची पट्टी खोटं बोलून राह्यली का?"

मी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. पोरीची आई उठून उभी राहिली.

"सासूचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं, बाई. माह्या पोरीचं अंडं काहून हिरावलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या सकाळी पोरीच्या ताटात पहिलं अंडं आईनेच ठेवलं. वावरात जायला तिला त्या दिवशी उशीर झाला.

परवा मायलेकी घरी आल्या. पोर आता सातवीत आहे, चुणचुणीत आहे, पण शाळेच्या रांगेत अजून पुढेच उभी असते. ते सहा महिने माझ्या मनातून जात नाहीत. हट्टाने ती माझ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, हळूच टाचा उचलल्या.

"टाचा टेकव," मी म्हणाले.

"बाई, दोन बोटं तरी जास्त लिहा नं!"

तिला काहीच माहीत नाही. मी तिच्या आईकडे पाहिलं. आई खाली बसली आणि लेकीच्या दोन्ही टाचा हाताने दाबून धरल्या.

"लिहा, बाई," ती म्हणाली.