मास्तरीणबाईंच्या भाच्याचा सिनेमा

जगात कुठलीही गोष्ट एकदा करून समाधान पावलेला नाही असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे मास्तरीणबाईंचा भाचा. इस्रायलहून काशीला आले तेव्हा हे गृहस्थ सत्तरीला टेकलेले होते, गुडघे कुरकुरत होते आणि गळ्यात कॅमेरा होता. जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर सिनेमा काढायचं मनावर घेतलं. तोही स्वतःच्या मावशीवर. घरचे सगळे मुंबई सोडून तिकडे गेले, तेव्हा मावशी नोकरीसाठी इथेच थांबली. "दोन वर्षांत येते" म्हणाली आणि गेलीच नाही. पंचगंगा घाटावरच्या आमच्या गल्लीत राहून ती मुलींच्या शाळेत शिकवायची, म्हणून मास्तरीणबाई. आता या भाच्याच्या, म्हणजे आमच्या भाऊंच्या, नव्वदीतल्या आईला या थोरल्या बहिणीची कबर डोळ्यांनी पाहायची होती, निदान पडद्यावर तरी. ही मंडळी मूळची कोकणातली मराठी ज्यू, त्यांच्यात कबरीवर खडा ठेवतात. आईने तिकडच्या अंगणातला एक खडा रुमालात बांधून दिला होता.

भाऊ आमच्याकडे उतरले आणि पहिल्याच दिवशी आम्हाला मराठी शिकवू लागले. माझा मुलगा "आई, चाभी भेटत नाहीये" म्हणाला, की हे आतून ओरडत, "किल्ली सापडत नाही, असं म्हण रे बाळा!" आमच्या घरी मांसमच्छी नाही, याचा त्यांना कोण आनंद! "वहिनी, तुमच्याकडे जेवताना देवालाही विचारावं लागत नाही आणि डॉक्टरलाही." एकदा त्यांनी आईच्या रीतीने मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. ताट चित्रीकरणासाठी गच्चीवर नेलं आणि माकडांनी ते साफ केलं. भाऊ शांतपणे खाली आले. "वहिनी, पोहे आहेत का अजून? माकडं चांगली आली, पण माझा हात हलला."

शुक्रवारी सूर्य मावळला, की शनिवार संपेपर्यंत कॅमेरा बंद. नेमका शनिवारीच साड्यांच्या दुकानात सांड शिरला आणि शिंगावर बनारसी शालू मिरवत गल्लीभर हिंडला. भाऊ हात पाठीशी बांधून, ओठ चावत बघत राहिले. रविवारी सकाळी दुकानदाराकडे जाऊन त्यांनी विचारलं, सांड पुन्हा आणता येईल का? नाववाला तर रडकुंडीला आला होता. "साहब, गंगाजी को एक ही बार पार करते हैं लोग, आप तीन बार कराते हैं!"

मावशीचं काम मला दिलं होतं. का, तर माझा आवाज शाळेतल्या बाईसारखा आहे. बाकी गल्लीलाही कामं मिळाली. कुणी दूधवाला, कुणी पोस्टमन. आणि इथेच घोडं अडलं. कबर कुठे आहे, हे भाऊ ज्याला त्याला विचारत आणि जो तो नदीपलीकडच्या रामनगरकडे बोट दाखवी. सिनेमात काम मिळत असेल, तर आमची गल्ली खरं बोलून ते घालवणार नाही.

खरं असं, की कबर नव्हतीच. मास्तरीणबाईंचं आडनाव आमच्यासारखंच कोकणातल्या गावावरून आलेलं, म्हणून सगळ्यांनी त्यांना आमच्यातल्याच धरलं. शनिवारी त्या कशाला हात लावत नसत, तर आमच्या सासऱ्यांनी तीस वर्षं मानलं, की बाईंना साडेसाती आहे. विचारलं कुणी नाही. त्या गेल्या तेव्हा मी नवी नवरी होते. मामंजींनी त्यांना घाटावर नेलं, अग्नी दिला, तेरा दिवस सगळं केलं. ज्या मिशांवर त्यांचा जीव, त्या उतरवल्या. काशीत मरण आलं, गंगेत राख गेली, यापेक्षा जास्त कुणी कुणाला काय द्यावं? या कामाचा अभिमान बाळगतच ते गेले. आणि भाऊंच्यात देह जाळणं म्हणजे घोर विटंबना.

शेवटचा प्रसंग घाटाच्या पायऱ्यांवर होता. मी सुती साडी नेसून बसले, अख्खी गल्ली मागे उभी. भाऊंनी कॅमेऱ्यामागून विचारलं, "मावशी, कुठे आहेस तू?" मी नुसतं नदीकडे बघायचं होतं. रामनगरच्या तिसऱ्या खेपेनंतर सुजलेले त्यांचे गुडघे माझ्यासमोर होते. मी म्हटलं, "भाऊ, इथेच. बाईंना आम्ही जाळलं. आम्हाला माहीत नव्हतं."

मागे कुणीतरी "अरे!" केलं. काम गेल्याचं दुःख असावं.

भाऊंनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. मग म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं, तेही सांगितलं. पुढे एवढंच विचारलं, "कोणी?"

"माझ्या सासऱ्यांनी. मिशा काढल्या होत्या."

"रडले?"

"सख्ख्या भावासारखे."

त्यांनी कॅमेरा बंद केला. तो वार मंगळवार होता.

जाताना खडा माझ्या हातात दिला. "शूटिंगचं सामान आहे, सांभाळा." माकडांच्या भीतीने तो मी दुधाच्या पातेल्यावर, झाकणावर ठेवते. रोज दूध काढताना उचलायचा, परत ठेवायचा. जाळल्याचं आईला सांगण्याचं धाडस त्यांचं अजून झालेलं नाही, आणि खोटी कबर दाखवणं त्यांना जमणार नाही. म्हणून सिनेमा पुरा होत नाही. अधूनमधून फोन येतो. पलीकडून म्हातारा, जुना, स्वच्छ मराठी आवाज विचारतो, "काय गं, सापडली का माझी ताई?"

खरं सांगणारी मी गल्लीत एकटी. मी झाकणावरच्या खड्याकडे बघते आणि सांगते, "शूटिंग चालू आहे, आजी. भाऊंचं तुम्हाला ठाऊकच आहे. अजून एकदा, म्हणतात."