धूर दिसेपर्यंत

पौडला एसटी बरीच रिकामी झाली. पुढे मुळशीच्या धरणाकडे निघालेल्या उतारूंत एक नवा पितळी हंडा होता आणि तो मांडीवर घेऊन बसलेले गृहस्थ म्हणजे भिकोबा. उद्या त्यांच्या मुलीचे, हौसाचे, तलावापलीकडच्या वाडीत लग्न होते. मी पुण्याच्या वर्तमानपत्रात काम करतो आणि सुटीत तलावाकाठची गावे पायी पाहणार आहे, असे सांगताच त्यांनी हंडा माझ्या मांडीवर सरकवला.

"मग लग्नालाच चला की. ह्यो धरा जरा, पाय आवघडल्यात."

हंडा शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिला.

तलावाच्या कडेकडेने वाट जाते. मे महिन्यात पाणी उतरलेले असते आणि काठाला तांबड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. करवंदीच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. भिकोबा चालता चालता ओंजळ भरून देत आणि मी दोन्ही हातांत हंडा धरलेला असल्यामुळे स्वतःच खाऊन टाकत.

रात्री त्यांच्या घरी आंबेमोहोराचा भात आणि खेकड्याचा रस्सा होता. वाढत होत्या काशीबाई, भिकोबांच्या वहिनी. हौसाला लहानपणापासून त्यांनीच सांभाळले. भिकोबांची बायको भातखाचरात राबे आणि काशीबाई घर बघत, अशी वाटणी. त्यांना उद्याच्या लुगड्याचे विचारले तर त्या म्हणाल्या, "मी न्हाई जात. मी मागली."

मागला म्हणजे मागे राहणारा. या वाडीतले लोक नावेने लग्नाला निघाले की प्रत्येक घरातले एक माणूस काठावर राहते. बऱ्याच वर्षांपूर्वी याच पाण्यात लग्नाची नाव वाऱ्याने उलटली. किती माणसे गेली, असे मी सवयीने विचारले. काशीबाईंनी माझ्या पानात आणखी भात वाढला.

"आमची म्हस व्यायला झालती, म्हनून मी ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "ह्ये गेले ते आलेच न्हाईत. दुसऱ्या दिशी गुरं वरडाय लागली. गावात म्हस वरडती, बैल वरडत्यात, आन् दारं बंद. मग मीच हिंडले घरोघर, दावी सोडीत. रस्सा घ्या, निवतोय."

तेव्हापासून घरटी एक मागला. नाव सुखरूप लागली की पलीकडचे ओला पाला पेटवून धूर करतात. तो दिसल्यावरच मागल्याने गोठ्यातली दावी सोडायची. या घरात ते काम दरवेळी काशीबाईंकडे आले होते.

सकाळी वऱ्हाड काठावर जमले. वाजंत्री नावेत बसले, हंडा बसला. हौसा मात्र मुंडावळ्यांसह खडकावर बसून राहिली.

"काकी आली तर मी यीन."

"आगं, काकी मागली हाय," भिकोबा म्हणाले.

"मग तुमी ऱ्हावा."

"मी? आन् कन्यादान कोन करील, ह्यो हंडा?"

सगळे हसले. हौसा हसली नाही. काशीबाई लांब उभ्या राहून नावेकडे न बघता पदराचे टोक पिळत होत्या. ऊन चढत होते, आणि नावाड्याने दोनदा वाऱ्याकडे बोट दाखवले. तेव्हा हौसाने माझ्याकडे पाहिले.

"ह्ये भाऊ ऱ्हातील की. आपल्याच घरी जेवल्यात."

वाडीतले सर्वांत वडील, तात्या, स्वतःच्या घराचे मागले होते. ते काठी टेकत पुढे आले. "जेवला म्हनून घरचा व्हतो व्हय? उद्या काय वंगाळ झालं तर ह्या घराच्या नावानं पानी कोन दील? ह्यो पुन्याचा?"

आता कोणी हसत नव्हते. बातमीदाराने घटनेच्या बाहेर उभे राहायचे असते आणि मला लग्नातली बुंदीही खायची होती.

"देईन," मी म्हणालो.

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि काशीबाईंकडे मान वळवली. "जा गं काशे. लुगडं तरी बदल."

त्या बदलायला गेल्या नाहीत. निघताना फक्त म्हणाल्या, "धूर दिसल्याबिगर म्हस सोडू नगा. आन् शिंगाच्या अंगाला उबं ऱ्हाऊ नगा."

नाव डोंगराच्या सोंडेआड गेली आणि वाजंत्र्यांचा आवाज तुटला. गोठ्याच्या दारातून पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो. तिथे काही नव्हते. तात्या बांधावरून टोमणे मारत होते, "पुन्यात म्हशी आस्त्यात का ओ?" थोड्या वेळाने तेही डोळ्यांवर हात धरून पलीकडे बघू लागले. वारा वाढला होता. म्हशीने दावे ओढले, ओरडली. मग शेजारच्या गोठ्यातली ओरडली, मग वरच्या आळीतली. मी दोनदा दाव्याला हात लावला आणि काढून घेतला. काशीबाईंनी रात्री सांगितलेला आवाज तो हाच.

पलीकडे झाडांवर एक करडी रेघ उभी राहिली. आधी ढग वाटला. तात्यांनी काठी उचलली. "सोडा."

गाठ मला सुटेना, आणि सुटली तेव्हा म्हशीने मला दाव्यासकट पाण्यापर्यंत नेले. कोपर सोलले, चष्मा चिखलात गेला. तात्या इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परतले. काशीबाई आधी गोठ्यात डोकावून आल्या आणि मग फडक्यात बांधलेले बुंदीचे लाडू त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"लई येळ लागला का धुराला?"

"बराच."

"मला बी तसंच वाटायचं," त्या म्हणाल्या. "तितनं बगितलं, पाला लगीच पेटला."

पुण्याला आल्यावर कचेरीत सहकाऱ्याने विचारले, त्या जुन्या अपघातात माणसे किती गेली होती. आकडा मी आणलेला नव्हता. वाडीत तो कोणी सांगितला नाही आणि दुसऱ्यांदा विचारावा, असे मला वाटले नाही. लाडू तेवढे सगळ्यांना वाटले.