मागल्या मेंढीची चाल

राजाबाईचं आपल्या उजव्या गुडघ्याशी भांडण होतं, आणि ते काही लपूनछपून नव्हतं. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडला की शिव्यांना सुरुवात. "ऊठ मेल्या. खायला पुढं, चालायला मागं." मुकुंदवाडीतल्या त्या इमारतीत शेजारपाजाऱ्यांना आधी वाटायचं, म्हातारी लेकालाच बोलतीय. लेक मुंजाबा बिचारा तोवर कंपनीत पहिल्या पाळीला पोचलेला असायचा.

तिचंही अगदीच चुकत होतं असं नाही. राजाबाई जन्मली फर्दापूरच्या वरल्या अंगाला, डोंगरात, मेंढरांच्या तळावर. चालायला शिकली ती कळपामागं, आणि साठीला आली तरी कळपामागंच. डोंगर उतरायचा, सिल्लोडचं रान ओलांडायचं, सुगी झाली की गंगापूरकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पावसाच्या तोंडाला माघारी. एवढ्या आयुष्यात 'व्यायाम' हा शब्द तिच्या तोंडात कधी आला नाही. मग नवरा गेला, मेंढरं धाकट्या भावाकडं, बिरूकडं दिली, आणि मुंजाबानं मायला शहरात आणलं. पाय थांबले, पण भूक कळपामागचीच राहिली. दोन भाकरी तशाच, चहा तसाच गोड, आणि चालणं म्हणजे मोरीपासून टीव्हीपर्यंत. पाच वर्षांत अंग सुटलं, रक्तात साखर आली आणि गुडघा बोलायला लागला.

दरसाल दिवाळी झाली की ती आठ दिवस बिरूच्या तळावर जाऊन राहायची. मागल्या साली तळ हलवायची वेळ आली तेव्हा बिरूनं तिला दंडाला धरलं नि टेम्पोत चढवलं. "आक्का, तू कोकरांसंगं बस." वाईट हेतूनं नाही म्हणाला तो, पण हंडे, जाळ्या आणि नुकत्या जन्मल्या कोकरांच्या मधे बसून राजाबाई कळपाच्या पुढं निघून गेली, आणि तिला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. ह्या साली तर मुंजाबानं उन्हाळ्यातच सांगून टाकलं, दिवाळीला तळावर जायचं नाही. "माय, तुला जिना उतरंना. तिथं रानात पडली-झडली तर मी काय करू?" राजाबाई दोन दिवस जेवली नाही. तिला दुसरं काही नको होतं. एकदा, मरायच्या आधी, कळपामागं आपल्या पायानं चालायचं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चाला, नाहीतर खुर्चीत बसाल त्या कायमच्याच. झालं, बाईनं मनावर घेतलं. जवळच्या बागेत सकाळी बूट घातलेल्या बायका हात हलवत झपाझप फेऱ्या मारायच्या. राजाबाई त्यांच्यामागं सुटली. कळपातलं मेंढरू चुकारपणानं पुढं पळालं की त्याला गाठायचं, ही तिची जुनी खोड. त्या बायका तिच्या बापाची मेंढरं थोड्याच होत्या? पण नाही, गाठायचंच. पहिल्या दिवशी अकरा फेऱ्या मारल्या, दुसऱ्या दिवशी पंधरा. पाय रडत होता, ती त्याला हाणत होती. पाचव्या दिवशी गुडघा पपईएवढा झाला.

बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? मेंढरू लंगडायला लागलं की धनगर बिब्बा तापवतो आणि त्याच्या सांध्यावर चटका देतो. राजाबाईनं आपल्या हातानं शंभर मेंढरं बरी केली होती. सून बाजाराला गेलेली बघून तिनं गॅसवर बिब्बा तापवला आणि गुडघ्याला तीन ठिकाणी चांगला दाबून लावला. दात खाऊन म्हणाली, "आता कसा चालत न्हाईस बघते."

चालायचं राहिलं बाजूला, फोड आले, फुटले, चिघळले. साखरेच्या अंगावरची जखम ती, लवकर भरेना. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि कपाळाला हात लावला. "आजी, मेंढीला डायबिटीस असतो का?" दीड महिना ड्रेसिंग चाललं. मुंजाबा पाळीवरून आला की तिला रिक्षात घालून न्यायचा, आणि तेच तिला जास्त लागलं.

जखम भरली तोवर श्रावण सरत आला होता. भिंतीला धरून जिना उतरायचा आणि बागेतल्या बाकावर बसायचं, एवढंच आता उरलं होतं. तिथंच तिला वच्छलाबाई भेटल्या. त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. गंगापूरकडच्या बागायतदार घरातल्या, लेक शहरात नोकरीला म्हणून इकडं आलेल्या. वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, डावा पाय ओढत चालायच्या. त्यांची सून बरोबर यायची, पण तरण्या पोरीचा पाय, ती कधीच पुढं निघून जायची. एके दिवशी वच्छलाबाई वाटेतच काठी टेकून उभ्या राहिल्या. पुढं जाववेना, मागं फिरायची लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं.

राजाबाई उठली आणि त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.

"मागं कशाला? बरूबर चला की," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तुमी निघा. मी मागंच बरी."

तळावर लहानपणापासून तिची जागा तीच होती. पुढं बाप असायचा, मागं लहानगी राजा. बाप सांगायचा, पुढं कुणीबी चालंल, मागं चालायला जीव लागतो. मागल्या मेंढीची चाल तीच कळपाची चाल. दुखऱ्या मेंढीला तिनं कधी काठी लावली नव्हती. ती थांबली की थांबायचं, तिनं पाला ओरबाडला की ओरबाडू द्यायचा, निघाली की निघायचं. तशीच ती आता वच्छलाबाईंच्या मागं चालली. कडुलिंबाखाली थांबली, फुललेल्या तगरीपाशी थांबली. एका फेरीला अर्धा तास लागला, आणि त्यातला निम्मा वेळ गंगापूरकडच्या रानात मेंढरं बसवली तर ज्वारी कशी पिकते ह्यावर गेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी बाकावर बसताना राजाबाईच्या ध्यानात आलं, आज दोन फेऱ्या झाल्या आणि आपण गुडघ्याला एकही शिवी घातली नाही. त्याच्याकडं लक्षच गेलं नव्हतं. ती वच्छलाबाईंच्या चालीनं चालली होती, म्हणून गुडघाही आपल्या चालीनं चालला होता. तिनं लुगडं जरा वर सरकवून बिब्ब्याचे तीन डाग बघितले. सात गावच्या मुक्या जनावरांवर तिनं माया केली, आणि ज्यानं साठ वर्षं तिला वागवलं त्याला चटके दिले. तिला लाज वाटली, चांगलीच वाटली.

मग चालणं बदललं. गुडघा कुरकुरला की बसायचं. पाऊस आला की जायचं नाही, आणि नाही गेलं म्हणून दिवसभर जीव खायचा नाही. भाकरी दोनाची दीड झाली, तीही वच्छलाबाईंनी रोज विचारायचं ठेवलं म्हणून. "काय हो, आज कितीक?" बागेत जायची वेळ झाली की राजाबाईच्या पायालाच चुळबूळ सुटायची. गुडघा काही सोळा वर्षांचा झाला नाही. साखर थोडी उतरली, जिना मात्र भिंतीला न धरता उतरायला यायला लागला. मुंजाबानं ते दारातून बघितलं आणि दिवाळीनंतर चार दिवसांची रजा टाकली.

गंगापूरच्या अलीकडं बिरूचा तळ होता. दुसऱ्या दिवशी तो दीड कोसावरच्या शेतात हलवायचा होता. बिरूनं सवयीनं टेम्पोचं फळकूट उघडलं. "आक्का, बस."

"मागं कोन हाय?"

"भागूबाई हाय की," बिरू आपल्या बायकोचं नाव घेऊन म्हणाला.

"तिला बसव टेम्पोत. मागं मी हाय."

बिरूनं मुंजाबाकडं बघितलं. मुंजाबानं भागूबाईला हात देऊन टेम्पोत चढवलं. कळप निघाला.

अर्धा रस्ता बरा गेला. मग कॅनॉलच्या चढाला गुडघ्यात कळ आली. राजाबाई शेजारच्या बांधावर बसली. मेंढरांची धूळ पुढं सरकत गेली, दिसेनाशी झाली. कळप तिला टाकून चालला होता. जुनी राजाबाई असती तर दात खाऊन उठली असती. ही बसून राहिली, हातानं गुडघा हळूहळू चोळत.

तेवढ्यात बिरू मोटरसायकल घेऊन माघारी आला. "चल आक्का, बस मागं. लई झालं."

"तू जा. कळप बघ. आमी येतो दोघं."

बिरूनं आजूबाजूला बघितलं. रानात चिटपाखरू नव्हतं. "दोघं कोन?"

"मी नि ह्यो," राजाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवला.

बिरूनं मोटरसायकल वळवली. तो गेला. ती अजून थोडा वेळ बसली, मग उठली, थांबत थांबत निघाली. नव्या शेतात ती पोचली तेव्हा जाळ्या लागल्या होत्या, मेंढरं आत घेतली होती, भागूबाईनं चूल पेटवली होती. मुंजाबा वाटेवर येऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"माय, दुखतंय का?"

"दुखतंय की," राजाबाई म्हणाली आणि गटागटा पाणी प्याली. मग तोंड पुसून भावाकडं वळली. "बिरू, उद्या मेंढरं कवा काढतो चरायला?"